एकच शनिवार-रविवार असेल तर: काजवे की कास?

मे महिना अर्धा सरला की ऑफिसात कुणी ना कुणी मला हा प्रश्न विचारतंच. "काजव्यांना जाऊ, की थांबून सप्टेंबरात कासला? दोन्ही काही जमणार नाही." यातलं दुसरं वाक्य मला जास्त कळतं. मुलांची शाळा, घरचं आजारपण, लोकलचा मेगाब्लॉक आणि साहेबाची मर्जी यांतून मुंबईकराच्या वाट्याला पावसाळ्याच्या आसपासचा एखादाच मोकळा शनिवार-रविवार येतो. हे दोन सोहळेही अगदी दोन टोकांना. मृगाची चाहूल लागते तेव्हा काजवे, आणि भाद्रपदात पाऊस काढता पाय घ्यायला लागतो तेव्हा कासची फुलं. मी कासला दोनदा गेलोय आणि काजव्यांना तीनदा. तिसरी वेळ मोजायची की नाही, ते पुढे सांगतो.

लोणावळा आणि माळशेज या हिशोबात धरलेले नाहीत. धबधब्याखाली भिजायला जाणाऱ्यांचं प्रकरण वेगळं. कच्छच्या रणोत्सवाला किमान चार दिवस हवेत, आणि उत्तराखंडची फुलांची दरी म्हणजे तर वर्षाची रजा गेली. इथे शनिवारी पहाटे निघायचं आणि रविवारी रात्री घरी येऊन सोमवारचा डबा भरायचा, एवढीच मुभा आहे.

अंतराचं बोलायचं तर काजवे सरळ जिंकतात. मी मुलुंडचा. भंडारदऱ्याचं शेंडी गाव घरापासून दीडशे किलोमीटरच्या आसपास. पूर्वी भिवंडी बायपासला अडकलं की शहापूर येईपर्यंत डब्यातले ठेपले संपायचे. जून २०२५ मध्ये समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला, आणि आता कसारा घाट टाळून थेट इगतपुरीशी उतरता येतं. गाडी नसेल तर कसाऱ्यापर्यंत लोकल आणि पुढे जीप, तेही जमतं. कासचं तसं नाही. एक्सप्रेसवे, पुण्याचा बायपास, खंबाटकी, मग सातारा, आणि साताऱ्यातून यवतेश्वरच्या घाटाने आणखी २५ किलोमीटर वर. रेल्वेने जावं तर महालक्ष्मी मध्यरात्र उलटून गेल्यावर साताऱ्याला उतरवते, आणि स्टेशन गावाबाहेर. त्यापेक्षा एसटी बरी. म्हणजे साताऱ्यात मुक्काम आलाच. मला त्याचं काही वाटत नाही, कंदी पेढे घ्यायला कारण मिळतं. पण लहान मूल गाडीत ओकणारं असेल तर आधीच विचार करा.

जाण्याआधी मोबाइलवरचे फोटो मात्र विसरून जा, दोन्हीकडचे. काजव्यांचे ते अख्खं रान पेटल्यासारखे फोटो तिकाटण्यावर कॅमेरा ठेवून, बराच वेळ झडप उघडी ठेवून, वर अनेक फोटो एकावर एक चढवून केलेले असतात. तुमच्या फोनमध्ये काळोख येईल, आणि त्यात शेजाऱ्याचं डोकं. कासचे फोटो खोटे नसतात, पण काढणारा पोटावर झोपलेला असतो. उभ्याने पाहिलं तर अर्धी फुलं नखाएवढी. माझ्या बायकोने पठारावर पाय ठेवताच विचारलं होतं, "फुलं कुठेत?" ती फुलांमध्येच उभी होती.

आता काजवे. पहिल्यांदा गेलो तो गुरुवार होता, मे संपत आलेला. ऑफिसातून रजा मिळाली हाच योगायोग. धरणाच्या काठाकाठाने जाणाऱ्या रस्त्यावर एका घरी जेवलो: पिठलं, नाचणीची भाकरी, लसणीचा ठेचा. आठ-साडेआठला घरधन्याने बॅटरी विझवायला लावली आणि शेताच्या बांधावरून आम्हांला एका सादड्यापाशी नेऊन उभं केलं. पाच मिनिटं काहीच नाही. मग खालच्या फांदीवर दोन-चार ठिपके, आणि मग ते झाड पेटलं. बुंध्याकडून शेंड्याकडे एक लहर जायची, सगळं विझायचं, मोजून दोन श्वास काळोख, आणि पुन्हा लहर. शेजारच्या हिरड्याचा ताल वेगळा होता. एक काजवा आईच्या शालीच्या काठावर येऊन बसला. आई बराच वेळ हलली नाही. सत्तरीची बाई, गुडघे दुखणारी, बांधावर एका पायावर भार देऊन तशीच उभी.

काजवा हा भुंगेऱ्यांच्या कुळातला किडा. नर उडता उडता उजेड पाडतो तो मादीला बोलावण्यासाठी, आणि मादी उजेडानेच उत्तर देते. प्रौढ काजव्याचं आयुष्य काही आठवड्यांचं, त्यात हा संवाद झाला तरच पुढची पिढी. जोराचा पाऊस सुरू झाला की खेळ संपला. हे सगळं मला त्या रात्री घरधन्याने सांगितलं, आणि "म्हणून बॅटरी नको" असंही. तेव्हा ते नुसतं ऐकलं होतं.

तिसऱ्या वेळी शनिवारी गेलो. जूनचा पहिला शनिवार, मेहुण्याची नवी गाडी, सोबत सात वर्षांची भाची. शेंडीच्या पुढे गेलो आणि गाडी थांबली. पुढे गाड्या, मागे गाड्या, समोरून येणाऱ्याही गाड्या, आणि रस्ता एका एसटीपुरता. प्रत्येकाचे दिवे अप्परवर, कारण रस्ता अनोळखी, एका अंगाला उतार आणि काळोख. ज्या झाडांवर काजवे असायला हवे होते ती पांढऱ्याफटक उजेडात न्हाऊन निघालेली. रांग तासाभराने शंभर-दोनशे पावलं सरकायची. कुणाच्या तरी गाडीत गाणी, कुणाच्या तरी खिडकीतून चिप्सची पाकिटं.

मेहुणा भला माणूस. म्हणाला, आपण तरी दिवे बंद करू. केले. तरीही समोरच्या दोन पट्ट्या जळतच राहिल्या. नव्या गाड्यांना पुढे असे दिवे असतात, इंजिन चालू आहे तोवर ते विझतच नाहीत. इंजिन बंद केलं तर एसी बंद, एसी बंद तर काचा खाली, काचा खाली तर डास. शेवटी इंजिन बंद केलं, उतरलो, आणि कडेच्या एका जांभळीकडे पाहत उभे राहिलो. दोन मिनिटांत डोळे सरावले, चार-सहा ठिपके दिसायला लागले. तेवढ्यात मागच्या गाडीवाल्याने किल्लीचं बटण दाबून गाडी लॉक केली. टुक-टुक. चारही इंडिकेटर पिवळे लुकलुकले.

"मामा, तो बघ मोठा काजवा," भाची म्हणाली.

रांगेतले सगळे हसले, मीही हसलो. पण त्यानंतर ते टुक-टुक डोक्यातून गेलं नाही. दर दोन-तीन मिनिटांनी कुणीतरी उतरत होतं, बटण दाबत होतं. जांभळीवरचे ठिपके दर वेळी विझायचे आणि दर वेळी कमी होऊन परत यायचे. हा माझा भासही असेल, मी काही मोजत बसलो नव्हतो. तंबूवर परतलो तेव्हा अडीच वाजले होते. सहा तासांत काजवे पाहिले असतील दहा मिनिटं. बाकी वेळ पाहिले ते पुढच्या गाडीचे लाल दिवे.

याबद्दल दुसऱ्या कुणाला बोल लावायचा हक्क मला नाही. त्या रांगेतली एक गाडी आमचीच होती. कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे अभयारण्य आहे, १९८६ पासून. तिथे जायचं तर पाहुण्यासारखं जावं, हे मलाही गाडीत बसल्यावर आठवलं नव्हतं. आणि रस्ता जितका सोपा होईल तितकी ही रांग लांबेल असं मला वाटतं.

कासलाही मी पहिल्यांदा चिडूनच परतलो होतो. धुकं इतकं होतं की स्वतःच्या छत्रीची काडी दिसेना. बुकिंग आधी केलेलं, त्यामुळे दिवस बदलायची सोय नाही. वर प्रत्येक जण सांगणार, "मागच्या आठवड्यात यायला हवं होतं." हे वाक्य कासला कायम ऐकू येतं. तुम्ही मागच्या आठवड्यात गेलात तर सांगतील, अजून आठवड्याने या. ते खोटं बोलत नसतात. तेरड्याचा रंग तीन दिवस, ही म्हण घरात बसून केलेली नाही.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा ऊन-पावसाचा खेळ चालला होता आणि सोनकी पिवळीधमक फुलली होती. गाडी पठारावर नेता येत नाही. खाली लांब लावायची आणि मिनीबसने वर जायचं. दिवसाला ठरावीकच माणसं, ठरावीक वेळ, आखलेल्या वाटा. मला आधी हे सगळं शाळेच्या सहलीसारखं वाटलं. वाटेवरून एक पाऊल फुलांकडे पडलं की शिटी. एक जोडपं सेल्फीसाठी तेरड्यात जाऊन बसलं, तर गावातलाच एक पोरगा, समितीची टोपी घातलेला, त्यांना उठवून स्वतःच्या हाताने मोडलेली रोपं सरळ करत बसला. आजूबाजूच्या गावांची संयुक्त वनव्यवस्थापन समितीच तिथली व्यवस्था बघते, त्यामुळे शिटी वाजवणारा परका नसतो. त्या शिट्या सारख्या कानावर येतात, शांतता भंगते, हे कबूल. पण मी तासभर उभा होतो आणि त्या तासात समोरच्या फुलांचं काही बिघडलं नाही.

आईला पोरगा म्हणाला, "आजी, जरा वाका, सीतेची आसवं दाखवतो." जांभ्याच्या कातळावर बोटभर माती, तिच्यात पाणी साचलेलं, आणि त्यातून वर आलेली निळी-जांभळी इवलीशी फुलं. मातीत पोषण असं काही नाही, म्हणून हे रोप पाण्यातले सूक्ष्म जीव पकडून खातं. त्यासाठी मुळांच्या जागी बारीक पिशव्या असतात, त्या मात्र दिसत नाहीत. आईने चष्मा पुसला, माझ्या खांद्यावर हात ठेवून बसता येईल तितकी खाली बसली. म्हणाली, "एवढंसं फूल आणि मांसाहारी?" मग दहा मिनिटं उठायलाच तयार नाही.

२०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारसा ठरवलं, त्या यादीत कास आहे. त्यामुळे गर्दी वाढली आणि नियमही आले, असं साताऱ्यातले लोक सांगतात. नियमांवर वादही आहेत. गुरांना अडवल्याने गवत माजतं आणि बारीक फुलं गुदमरतात, असं काही जाणकार म्हणतात. मला त्यातलं फार कळत नाही. माझा प्रश्न साधा आहे: मी तिथे गेल्याने जे बघायला गेलो तेच कमी होतंय का? काजव्यांच्या रांगेत उत्तर माझ्या डोळ्यांसमोर होतं.

म्हणून हल्ली विचारणाऱ्याला मी आधी उलट विचारतो: रजा कधी मिळेल? मधल्या वाराची असेल, मेच्या शेवटच्या आठवड्यातली, त्यातही अमावास्येच्या आसपासची, तर डोळे मिटून काजव्यांना जा. गाडी मुक्कामाच्या दारात लावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तिला हात लावू नका. घाटघरकडच्या गावात कुणाच्या घरी उतरा, सकाळी रतनवाडीचं अमृतेश्वर बघा. त्या गुरुवारच्या रात्रीसारखं मी दुसरं काही पाहिलेलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण तुमच्याकडे शनिवारच असेल, आणि बहुतेकांकडे शनिवारच असतो, तर माझा कल कासकडे. लांब पडतं, धुक्याचा जुगार आहे, पाऊल चुकलं की शिटी आहे. तरी जुगारात हरलात तरी साताऱ्याला एक रात्र, कास तलावावर अर्धा तास आणि भांबवलीचा धबधबा हाताशी राहतोच. तुमचा अनुभव वेगळा असू शकेल. माझ्या शेजाऱ्यांना त्याच काजव्यांच्या रांगेत मजा आली होती, त्यांनी गाडीत पत्ते आणले होते.

तारीख निवडताना गणपतीतला शनिवार टाळा, तेव्हा पुण्याच्या पुढे रस्त्यावर गाव लोटलेलं असतं. अनंत चतुर्दशी झाल्यावर पितृपक्षातला पहिला शनिवार धरा. बरेच लोक त्या दिवसांत कुठे जायचं टाळतात, आणि फुलांना पंचांग कळत नाही. सकाळची पहिली वेळ घ्या, दुपारनंतर ढग उतरतात. जुने बूट घाला, कातळ निसरडा असतो. आमचं या वर्षीचं बुकिंग उघडलं की करणार आहे. आईने घडीचा स्टूल घ्यायला सांगितलाय, आणि भाचीने विचारलंय की तिथे रात्री दिवे बंद करावे लागतात का.