एका इंजिनावर परतलेले उड्डाण: विमानसेवेचा अनुभव

उड्डाणानंतर थोड्याच वेळात डावीकडून मोठा आवाज झाला, विमान थरथरले आणि एक इंजिन बंद करून आपण परत फिरत आहोत, असे वैमानिकांनी शांत स्वरात सांगितले. त्या एका वाक्याने मिळालेला धीर मी विसरणार नाही. दोन इंजिनांचे प्रवासी विमान एका इंजिनावरही सुरक्षित उतरू शकेल, अशीच त्याची रचना आणि चाचणी केलेली असते. नोव्हेंबर २०१० मध्ये क्वांटास या ऑस्ट्रेलियन कंपनीच्या चार इंजिनांच्या ए३८० विमानाचे एक इंजिन फुटूनही आतील सर्व ४६९ जण सुखरूप उतरले होते. तरीही भीती निराधार म्हणता येत नाही, कारण एप्रिल २०१८ मध्ये साउथवेस्ट या अमेरिकी कंपनीच्या विमानात धातूच्या थकव्यामुळे, म्हणजे वारंवार ताण पडून धातू कमकुवत झाल्यामुळे, इंजिनाच्या पंख्याचे पाते तुटले, तुकड्यांनी खिडकी फुटली आणि एका प्रवासी महिलेचा मृत्यू झाला.

विमानातील कर्मचाऱ्यांचे काम उत्तम होते. उतरल्यानंतर मात्र कंपनीने आम्हाला ‘तांत्रिक कारण’ एवढेच सांगून तीन तास ताटकळत ठेवले, आणि पुढे मी लेखी विचारणा केल्यावरही त्या इंजिनाची तपासणी शेवटची केव्हा झाली होती, याचे उत्तर दिले नाही. वैमानिकांना मी पूर्ण गुण देईन. कंपनीच्या जमिनीवरील सेवेला पाचपैकी एकच.