प्लास्टिकच्या पाचरी, आठ महिने: कललेलं झाड आणि एका इंचाचा हिशेब

नोव्हेंबरात तीन घेतल्या, दोन आठ इंची आणि एक दहा इंची. ठाण्यात झाडछाटणी-तोडणीची कामं घेतो. आधी झाडाच्या मागच्या कापात लोखंडी छेनीच ठोकायचो. बाळकुमला एका वाडीत मशीनची, म्हणजे चेनवाल्या करवतीची, चेन छेनीला घासली आणि कोऱ्या चेनचे दात गेले. प्लास्टिकला चेन लागली तर पाचरीला ओरखडा पडतो, चेन शाबूत राहते. तिथेच पैसे वसूल.

तरी गिऱ्हाइकाला वाटतं तसं पाचर ठोकली की झाड हवं तिकडे पडतं, असं नाही. समजा खोड 40 सेंमी, पडायच्या बाजूला पुढची खाच घेऊन मधे चारेक सेंमी लाकूड बिजागरीसारखं राखलं. तिथून मागच्या कडेपर्यंत धरा 30 सेंमी. पाचरीनं मागची बाजू अडीच सेंमी उचलली, तर 12 मीटर उंचीचा शेंडा सरकतो 1 मीटर. बस्स. कोलशेतला एक आंबा भिंतीकडे चांगला दोन मीटर कललेला. घरचे काका म्हणाले, "पाचरीनं होईल ना?" म्हटलं, "नाही काका, दोर लागेल." खोडाच्या दोन तृतीयांश उंचीवर दोर बांधला, चेन कुप्पी (साखळीनं ओढायची कप्पी) झाडाच्या उंचीहून लांब, दुसऱ्या खोडाला अडकवली. कुप्पीनं ओढायचं, पाचरीनं मागे बसू द्यायचं नाही. भिंतीला धक्का लागला नाही.

पाचर कधी घालायची, हे महत्त्वाचं. मागचा काप पाचर मावेल एवढा आत गेला की लगेच. उशीर केलात तर झाड मशीनवरच बसतं, मग दुसरी करवत आणेपर्यंत संध्याकाळ.

बाजूला कललेलं असेल तर पाचर कलाच्या बाजूला, आणि बिजागरी उलट्या बाजूला जाड ठेवायची. तीच ताण धरते. पुढेच कललेल्या झाडाला पाचरीचा काही उपयोग नाही. तिथे मागून सरळ कापत गेलं तर खोड उभं चिरून कापणाऱ्याच्या तोंडावर येतं. खाच घेतली की बिजागरीमागे करवतीचं टोक आत घालून मधलं कापायचं, मागची पट्टी शेवटी सोडायची. हे शिकवणाऱ्याजवळ उभं राहूनच शिका.

शेवग्यावर तर भरवसाच ठेवू नका. लाकूड ठिसूळ, बिजागरी धरतच नाही, आधीच मोडते. त्याला वरून तुकड्यातुकड्यानं उतरवतो. नारळात पाचर आतल्या मऊ भागात रुतते, उचलत नाही. दहा इंची पाचर अशीच नेरूळच्या एका सोसायटीत नारळाच्या बुंध्यात अडकून राहिली.

तक्रार एकच, ओल्या लाकडात सटकतात. दात असूनही. थोडी कोरडी माती टाकली की पकडतात, पण जूनच्या पावसात कोरडी माती आणायची कुठून? शिवाय घणाचे घाव बसून डोकी पसरली, ती कानशीनं घासून घेतली. आता कुऱ्हाडीच्या सपाट पाठीनंच ठोकतो.

एक राहिलं, झाड स्वतःच्या अंगणातलं असलं तरी पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, 1975 च्या कायद्यानं. कागद हातात नसेल तर मी मशीन गाडीतून काढत नाही, मग झाड कितीही कलू दे.

उरलेल्या दोन पाचरी चालू आहेत. दहा इंची पुन्हा घेतोय, यावेळी दोन.