कॉइल जुळती ठेवायची तर काय हलवावं: फ्रिक्वेन्सी की कॅपॅसिटर?

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमच्या लाकडी बाकावर वायरलेस चार्जिंगची जोडी झकास चालली होती. दोन्हीकडे 24 मायक्रोहेन्रीची कॉइल आणि 100 नॅनोफॅरॅडचा कॅपॅसिटर, म्हणजे रेझोनन्स (ज्या फ्रिक्वेन्सीला जोडी सगळ्यात जोरात डोलते ती) 103 किलोहर्ट्झच्या आसपास. शिरोली एमआयडीसीतल्या शेडमध्ये रिसीव्हर ट्रॉलीच्या ॲल्युमिनियम पत्र्याखाली बसवला आणि चार्जिंग झोपलं. इंडक्टन्स मोजणारा एलसीआर मीटर लावला तर 24 ऐवजी 22.5 मायक्रोहेन्री. पत्र्यात भोवरी प्रवाह फिरतात, इंडक्टन्स घटतो आणि रेझोनन्स वर सरकतो. क्यू, म्हणजे रेझोनन्स किती टोकदार आहे त्याचा आकडा, 100 धरला तर बँडविड्थ (नीट चालण्याचा पट्टा) जेमतेम 1 किलोहर्ट्झ. इथे तर रेझोनन्स तीनेक किलोहर्ट्झ सरकला होता.

पहिला मोह होतो तो फ्रिक्वेन्सी हलवण्याचा. स्वतःच दोलन करणारं झेडव्हीएस सर्किट (व्होल्टेज शून्य असताना स्विच होणारं) किंवा पीएलएल (फेज जुळवून ठेवणारं सर्किट) करंटची फेज बघून रेझोनन्सच्या मागे मागे जातं. भाग कमी लागतात, ट्रॉली थोडी इकडेतिकडे उभी राहिली तरी चालतं. पण ते प्रामुख्याने ट्रान्समीटरची बाजू सांभाळतं. कॉइल लांब असतील तर रिसीव्हर कुठे सरकलाय हे त्याला फारसं कळत नाही. आणि फार जवळ आल्या की रेझोनन्सच्या एका शिखराची दोन होतात. पीएलएल कुठल्या शिखरावर बसेल याचा नेम नाही. म्हणून वर-खाली मर्यादा घालूनच ठेवायचं.

दुसरा मार्ग म्हणजे फ्रिक्वेन्सी जागेवर ठेवून 1, 2.2, 4.7 नॅनोफॅरॅड असे कॅपॅसिटर रिलेने आत-बाहेर करायचे. ट्यूनिंग पायऱ्यापायऱ्यांनी होतं, वायरिंग वाढतं, आणि पॉवर चालू असताना रिले बदलला तर कॉन्टॅक्ट जळतात. पण 6.78 मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या चार्जिंगला दुसरा पर्यायच नाही: मोकळा पट्टा 6.765 ते 6.795 एवढाच, तिथे फ्रिक्वेन्सी पळवणार कुठे? गाड्यांच्या वायरलेस चार्जिंगला एसएई जे2954 या मानकाप्रमाणे 79 ते 90 किलोहर्ट्झ मिळतात, तेवढ्यात थोडं सरकता येतं.

मार्ग कुठलाही घ्या, कॅपॅसिटरवर पैसे वाचवू नका. 100 नॅनोफॅरॅडमधून 100 किलोहर्ट्झचे 5 अँपिअर गेले की त्याच्यावर 80 व्होल्ट आरएमएस येतात, सप्लाय 12 व्होल्टचा असला तरी. एक्स7आर जातीचा स्वस्त सिरॅमिक कॅपॅसिटर तापतो आणि त्याचं मूल्यही व्होल्टेजबरोबर बदलतं. पॉलीप्रॉपिलीन किंवा एनपी0 (मूल्य स्थिर ठेवणारा सिरॅमिक) घ्या, आणि दोन-चार समांतर जोडा म्हणजे करंट वाटला जातो.

माझं मत विचाराल तर ट्रॉलीसारख्या कामाला 100 किलोहर्ट्झवर मर्यादा घातलेला पीएलएल बरा. मात्र आधी रिसीव्हर पत्र्याला बसवून मोजा, बाकावर नाही. आम्ही कॉइल आणि पत्रा यांच्यामध्ये फेराइट (चुंबकीय क्षेत्र पत्र्यापर्यंत जाऊ न देणारा थर) घालायला हवं होतं, ते राहिलंच. मग 6.8 नॅनोफॅरॅडचा एक कॅपॅसिटर समांतर टाकला आणि रिसीव्हर पुन्हा 103 वर आला. पुढे चाकांसाठी जमिनीवर दोन लाकडी ठोकळे ठोकले, म्हणजे ट्रॉली रोज एकाच जागी थांबते; पीएलएलला आता फारसं पळावं लागत नाही. लोखंडी अँगल ठोकणार होतो, पण तोही धातूच हे ऐनवेळी लक्षात आलं.