ओ-नेट इंटरेस्ट प्रोफायलर: आवड कळते, धंद्याचा निर्णय नाही

अमेरिकेच्या कामगार विभागाची ही कलचाचणी ऑनलाइन आणि मोफत आहे. ६० कामं दिलेली असतात. प्रत्येक काम कितपत आवडेल ते पाच पर्यायांतून निवडायचं. पगार किंवा शिक्षण डोक्यात ठेवून उत्तरं दिली की निकाल बिघडतो, आणि बरेच जण नेमकं तेच करतात. मधला पर्याय सारखा दाबला तर चित्र सपाट येतं. मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी मांडलेल्या सहा कलांना, म्हणजे आवडीच्या प्रकारांना, प्रत्येकी ४० पैकी गुण मिळतात. दोन-तीन गुणांच्या फरकाला फार अर्थ देऊ नका.

पण त्यांतल्या उद्यमी, म्हणजे धंदा-नेतृत्वाच्या कलात ३५ आले म्हणून नोकरी सोडू नका. चाचणी फक्त आवड मोजते. कौशल्य, भांडवल, तोटा सोसण्याची ताकद यांबद्दल ती काहीच सांगत नाही. तो हिशेब वहीत मांडावा लागतो. एका नगाच्या विक्री किमतीतून त्याचा थेट खर्च वजा करा आणि उरलेल्या रकमेने महिन्याच्या स्थिर खर्चाला (विक्री झाली नाही तरी होणारा, जसं भाडं) भागा. स्थिर खर्च ६०,०००, नगामागे सुटतात १५०, म्हणजे फक्त बरोबरी साधायला दरमहा ४०० नग. स्वतःचा घरखर्च त्यात धरायचा राहतो, हिशेब फसतो तो तिथेच.