सरकारी बँकेचं शैक्षणिक कर्ज: सोय चांगली, पण व्याज पैसे दिल्या दिवसापासूनच सुरू

माहितीपुस्तिकेतली फी म्हणजे शिक्षणाचा खर्च नव्हे. दक्षिण गोव्यातल्या काणकोणच्या मुलाला फोंड्याजवळच्या फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात रोज ये-जा करणं परवडत नाही. मग खोली किंवा हॉस्टेल, मेस, अनामत, लॅपटॉप आणि परीक्षा शुल्क आलंच. पुण्याला किंवा बेळगावला पाठवायचं तर आकडा आणखी वाढतो. म्हणून कर्जाचा अर्ज भरण्याआधी चारही वर्षांचा खर्च वर्षवार कागदावर मांडावा.

सरकारी बँकांची ही कर्जं इंडियन बँक्स असोसिएशनच्या नमुना योजनेवर बेतलेली असतात. ४ लाखांपर्यंत स्वतःचा वाटा लागत नाही, त्यावर देशातल्या शिक्षणासाठी ५ टक्के लागतो. साडेसात लाखांपर्यंत सरकारी हमी योजनेत तारण द्यावं लागत नाही. हॉस्टेल, पुस्तकं, संगणक हेही कर्जात बसतं. अनामतीला मात्र एकूण शिकवणी शुल्काच्या १० टक्क्यांची मर्यादा आहे. तारणाशिवाय कर्ज आणि हॉस्टेलचाही खर्च, ही या योजनेची मोठी जमेची बाजू.

गफलत होते ती सवलतीच्या काळात. शिक्षण संपून एक वर्ष होईपर्यंत हप्ता नसतो, म्हणून पालक निर्धास्त राहतात. पण पैसे कॉलेजच्या खात्यात गेल्या दिवसापासून सरळ व्याज चढत असतं.

हिशेब पाहा. कर्ज ६ लाख, दरवर्षी सुरुवातीला दीड लाख, व्याज १० टक्के. पहिले दीड लाख पाच वर्षं, दुसरे चार, तिसरे तीन, चौथे दोन वर्षं व्याज खातात. बेरीज २ लाख १० हजार. हे मुद्दलात मिळवून ८ लाख १० हजारांवर हप्ता बसतो: १० वर्षांसाठी महिना सुमारे १०,७०० रुपये. तेच व्याज सवलतीच्या काळातच भरलं, तर पहिल्या वर्षी महिना १,२५०, दुसऱ्या वर्षी २,५००, मग ३,७५० आणि शेवटची दोन वर्षं ५,००० रुपये. नंतरचा हप्ता सुमारे ७,९०० वर येतो आणि एकूण सव्वा लाखाच्या आसपास वाचतात. वेळेवर व्याज भरणाऱ्याला काही बँका दरातही सूट देतात; शाखेत विचारून ती मंजुरीपत्रात लिहून घ्यावी.

मंजुरीपत्र ओळ न् ओळ वाचावं. कर्जदाराच्या आयुर्विम्याचा एकरकमी हप्ता अनेकदा कर्जातच मिळवलेला असतो आणि त्यावरही व्याज लागतं. विमा नको असेल तर सहीआधीच सांगायचं. व्याजदर बदलता असेल तर मुदतीआधी फेडायला दंड नाही, त्यामुळे हातात पैसा आला की मुद्दल कमी करता येतं.

फीचे पैसे पालकांना मिळत नाहीत, सत्रागणिक थेट कॉलेजला जातात. त्यासाठी कॉलेजचं फी मागणीपत्र आणि मागच्या सत्राची गुणपत्रिका लागते. इथेच उशीर होतो, त्यात चतुर्थीच्या सुट्ट्या मध्ये आल्या की विलंब शुल्क ठरलेलं. फीच्या तारखेच्या तीन आठवडे आधी कागद शाखेत द्यावेत.

बँकेकडे जाण्याआधी गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी कर्ज योजना तपासावी. गोव्याच्या विद्यार्थ्याला पहिला विचार तिचाच करायला हवा. पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबाला १० लाखांपर्यंतच्या कर्जावर सवलतीच्या काळात ३ टक्के व्याजसवलत मिळू शकते, पण ती यादीतल्या संस्थांपुरतीच. यादीत कॉलेजचं नाव आधी पाहावं. प्राप्तिकरातली शैक्षणिक कर्जाची सूट फक्त व्याजावर, ८ वर्षांपर्यंत आणि तीही जुन्या करपद्धतीतच.

आमचं मत: दरमहा व्याज भरण्याची ताकद घरात असेल, तर हे कर्ज जरूर घ्यावं. ती नसेल, तर रक्कम कमी मागावी आणि घराजवळचं, कदंबच्या (गोव्याच्या सरकारी बसच्या) पासावर जमणारं कॉलेज आधी पाहावं.