नासा एक्झोप्लॅनेट आर्काइव्ह: फुकट आहे, भारी आहे, पण तापमानाचा रकाना जपून वाचा

तांबड्या बटू ताऱ्याला (सूर्याहून बराच लहान, थंड तारा) खेटून फिरणाऱ्या खडकाळ ग्रहाची बातमी आली की सोबत एक झकास चित्र असतंच, अर्धा ग्रह लाव्ह्याने पेटलेला, मागे भलामोठा लालबुंद तारा वगैरे, आणि ते चित्र कुणीतरी कल्पनेने काढलेलं असतं कारण असल्या ग्रहाचा फोटो आजवर कुणाला काढताच आलेला नाही. मग खरंच मोजलंय काय ते बघायला कुठे जायचं? माझं उत्तर नासा एक्झोप्लॅनेट आर्काइव्ह, म्हणजे सूर्य सोडून इतर ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या ग्रहांच्या नोंदींची साइट. २०११ पासून चालू आहे, कॅल्टेकची मंडळी नासासाठी चालवतात, लॉगिन नाही, पैसे नाहीत, जाहिराती नाहीत. ग्रह थ्रीडीत फिरवून दाखवणारं एक पैसेवालं ॲप मी आधी घेतलं होतं, त्यात बोडक्या खडकालाही निळसर धुकं लावून ठेवलेलं, ते काढून टाकलं.

दिसायला साइट रुक्ष आहे हे आधीच सांगतो. उघडलं की नुसते तक्ते. मोबाइलवर एवढे रुंद तक्ते बघणं म्हणजे डोक्याला ताप, कॉम्प्युटरच हवा. पण फिल्टर जे दिलेत ना ते खरंच कामाचे आहेत. प्रत्येक रकान्याच्या नावाखाली छोटी चौकट असते, तिच्यात थेट अट टाइप करायची. त्रिज्या पृथ्वीच्या १.६ पटीहून कमी (त्याच्या वर गेलं की ग्रह खडकाळच असेल याची खात्री कमी होत जाते), एक फेरी २ दिवसांच्या आत, ताऱ्याचं तापमान ३६०० केल्विनच्या खाली. एवढं टाकलं की सहा हजारांवरच्या यादीतून थोडकी मंडळी उरतात. जीजे ३६७ बी, ज्याचं अख्खं वर्ष पावणेआठ तासांत संपतं. एलएचएस ३८४४ बी, ११ तास. ग्लीझ ४८६ बी, आपल्यापासून फक्त २६ प्रकाशवर्षं. ट्रॅपिस्ट-१ बी, जीजे ११३२ बी. यादी वाचतानाच कळतं की या ताऱ्यांच्या मागे सगळे का लागलेत, तारा लहान म्हणून ग्रह समोरून गेला की प्रकाशात जास्त घट दिसते. सूर्यासमोरून पृथ्वी गेली तर ०.००८ टक्के प्रकाश कमी होईल, जीजे ११३२ बी स्वतःच्या ताऱ्याचा साधारण पाव टक्का अडवतो, आणि तो पृथ्वीपेक्षा जेमतेम मोठा आहे.

आता तक्रार. "इक्विलिब्रियम टेम्परेचर" असा एक रकाना आहे आणि नव्वद टक्के लोक तो आकडा उचलून "ग्रहाचं तापमान इतकं" म्हणून पुढे ढकलतात. तो आकडा बहुतेक वेळा मोजलेला नसतोच, हिशेबाने काढलेला असतो, आणि त्या हिशेबात सहसा असं धरलेलं असतं की ताऱ्याची उष्णता ग्रहभर सारखी वाटली जाते. पण इतक्या जवळ फिरणारा ग्रह ताऱ्याकडे कायम एकच तोंड करून असतो अशीच अपेक्षा असते, आणि वर हवा नसेल तर ती उष्णता पलीकडे नेणार कोण? ट्रॅपिस्ट-१ बी साठी हिशेब येतो ४०० केल्विनच्या आसपास, २०२३ मध्ये वेब दुर्बिणीने दिवसाची बाजू मोजली तर निघाली ५०० च्या आसपास. एलएचएस ३८४४ बी चं तर अजून भारी, हिशेब सुमारे ८०० केल्विन, स्पिट्झर दुर्बिणीने मोजलं तर दिवसाची बाजू हजाराच्या वर आणि रात्रीच्या बाजूकडून मोजता येण्याइतकी उष्णतासुद्धा आली नाही. म्हणजे ८०० हा आकडा त्या ग्रहाच्या ना या बाजूला लागू ना त्या बाजूला. याउलट हाच फरक शास्त्रज्ञांना हवा असतो, दिवसाची बाजू बोडक्या खडकाला शोभेल इतकी तापलेली निघाली की जाड वातावरण नाही हे कळतं. असा महत्त्वाचा मोजलेला आकडा नवख्या माणसाला मुख्य तक्त्यात पटकन सापडत नाही, हे मला खटकतं. शेजारी एक रकाना दिला असता तर काय बिघडलं असतं.

दुसरं म्हणजे तक्ते दोन आहेत आणि नवीन माणूस हमखास "कॉम्पोझिट" वाला उघडतो कारण त्यात एका ग्रहाला एकच ओळ असते, सुटसुटीत वाटतं. पण त्यात वस्तुमान एका पेपरमधून (म्हणजे शोधनिबंधातून), त्रिज्या दुसऱ्यातून आणि काही वेळा आकडा नसेल तर अंदाजाने भरलेला असं असू शकतं. तसं ते स्वतःच लिहून ठेवतात, लपवत नाहीत. घनता काढायची असेल तर मात्र साध्या "प्लॅनेटरी सिस्टिम्स" मध्येच जा, तिथे प्रत्येक पेपरची वेगळी ओळ असते आणि लिंक दाबली की मूळ पेपर.

आणि या लिंकांसाठीच मी या साइटवर फिदा आहे. जीजे ११३२ बी चे पेपर वर्षानुसार लावून वाचत जा. २०१५ मध्ये शोध लागला, २०२१ मध्ये हबलच्या निरीक्षणांवरून एका गटाने म्हटलं हायड्रोजनचं वातावरण आहे, मिथेन आहे, हायड्रोजन सायनाइड आहे, बातम्या झाल्या, आणि त्याच वर्षी दुसऱ्या गटाने तीच हबलची निरीक्षणं घेऊन सांगितलं की वर्णपट (रंगांनुसार फोडलेला प्रकाश) सपाट आहे, कुठल्याच वायूची खूण दिसत नाही. मग वेबने दोन वेळा बघितलं तर दोन्ही वेळचे वर्णपट एकमेकांशी जुळेनात! शेवटी २०२४ मध्ये ग्रह ताऱ्यामागे जाताना किती उष्णता कमी होते ते मोजलं, दिवसाची बाजू ७०० केल्विनच्या आसपास निघाली, म्हणजे बहुधा उघडा खडक. बातमीत फक्त पहिला अर्धा भाग आला होता, बाकीचं असं ओळीओळीने खणून काढावं लागतं.

पाचपैकी साडेचार देतो, अर्धा त्या तापमानासाठी कापला.

जाता जाता, घरी दुर्बीण आणि कॅमेरा असेल तर याच साइटवर ट्रान्झिटची वेळ काढून देणारी सेवा आहे, तुमचं ठिकाण आणि तारखा टाकल्या की कुठला ग्रह कधी ताऱ्यासमोरून जाणार ते मिळतं. फक्त सुरुवातच या छोट्या खडकांनी करू नका, पाव टक्क्याची घट पकडणं नवख्याला जड जातं. एचडी १८९७३३ बी सारखा मोठा वायूचा ग्रह घ्या, त्याची घट अडीच टक्क्यांच्या जवळपास असते.