स्वस्त गायगर काउंटर: पोटॅशच्या पोत्यापाशी बोलतो, बोअरच्या पाण्यापाशी गप्प

काही हजार रुपयांत ऑनलाइन मिळणारा, काचेच्या नळीचा गायगर काउंटर, म्हणजे नळीत शिरलेल्या किरणोत्सारी किरणागणिक एक टिक वाजवणारं यंत्र, कशासाठी घ्यावा आणि कशासाठी घेऊ नये, एवढंच इथे सांगायचं आहे. आत एम ४०११ किंवा जे ३०५ जातीची बोटाएवढी नळी, तिला सुमारे ४०० व्होल्ट पुरवणारं छोटं सर्किट, स्पीकर आणि पडदा. कंपनी कोणतीही असो, आतला माल बहुतेक हाच.

पडद्यावर दोन आकडे येतात. एक सीपीएम, म्हणजे मिनिटाला किती टिक. दुसरा मायक्रोसिव्हर्ट प्रतितास, म्हणजे तासाला शरीराला बसणारी किरणांची मात्रा. पहिला खरा, दुसरा हिशेबी. कंपनी सीपीएमला एका ठरावीक संख्येने भागते. एम ४०११ साठी ती साधारण १५३ धरतात, जे ३०५ साठी १२३. नळी बदलली आणि सेटिंग जुनंच राहिलं, तर त्याच २५ टिकांचे ०.१६ ऐवजी ०.२० होतात. शिवाय हा भाजक सीझियम-१३७ च्या गॅमा किरणांवर बेतलेला असतो. बीटा किरणांसमोर, म्हणजे अणूतून सुटणाऱ्या वेगवान इलेक्ट्रॉनांसमोर, मायक्रोसिव्हर्टचा आकडा निरर्थक. तो झाकून ठेवा आणि फक्त टिका मोजा.

टिका मोजायच्या तर धीर हवा. मोकळ्या जागी मिनिटाला २५ टिका येत असतील, तर पुढच्या मिनिटाला २० किंवा ३० येणं अगदी स्वाभाविक आहे, कारण २५ चं वर्गमूळ ५. पडद्यावर आकडा उडी मारताना पाहून घाबरणारे इथेच फसतात. १० मिनिटं मोजा: २५० टिका, चूक १६, म्हणजे ६ टक्के. १०० मिनिटं मोजा: २५००, चूक ५०, म्हणजे २ टक्के. नमुन्याइतकाच वेळ रिकाम्या टेबलालाही द्या.

या यंत्राची खरी ताकद पोटॅशवर दिसते. कृषी सेवा केंद्रातलं म्युरेट ऑफ पोटॅश पावशेर आणा आणि पातळ प्लास्टिकच्या पिशवीत अर्धा सेंटीमीटर जाडीचा थर पसरा. ढीग करून फायदा नाही: पोटॅशियम-४० चे, म्हणजे पोटॅशियममधल्या नैसर्गिक किरणोत्सारी अंशाचे, बीटा किरण वरच्या पाचेक मिलिमीटरमधूनच बाहेर पडतात, खालचे तिथेच जिरतात. नळीवरचं प्लास्टिकचं झाकण काढता येत असेल तर काढा, नळी पिशवीला जवळजवळ टेकवा आणि १० मिनिटं मोजा. मग तशाच पिशवीत तेवढाच युरिया ठेवून मोजा. युरियात पोटॅशियम नसतं, म्हणून तो उत्तम तुलना-नमुना. डीएपी घेऊ नका, खनिज फॉस्फेटमधून आलेलं किंचित युरेनियम त्यात असतं. १०:२६:२६ या मिश्रखतात पालाश २६ टक्के, पोटॅशमध्ये ६०. म्हणजे वाढही ढोबळमानाने त्याच प्रमाणात यायला हवी. अकरावीच्या वर्गाला याहून स्वस्त प्रयोग मिळणार नाही. वाढ माफक असते, पण १० मिनिटांच्या मोजणीत लपत नाही. अर्धापूरच्या केळ्यावर मात्र हे यंत्र काहीच दाखवत नाही. एका केळ्यात सुमारे १५ बेकरेल (सेकंदाला १५ अणूंचं विघटन), म्हणजे एक ग्रॅम पोटॅशएवढेच.

पेट्रोमॅक्सची मेंटल सापडली तर ती पोटॅशला मागे टाकते. थोरियमवाली असेल तर टिकटिक एकमेकींत मिसळते. पण ती जाळून राख श्वासात घेऊ नका, हात धुवा, आणि बंद पिशवीतूनच मोजा.

आता मुलं हमखास विचारतात तो प्रश्न: अणुबॉम्बच्या साहित्याजवळ हे नेलं तर? उत्तर अपेक्षेच्या उलट आहे. नैसर्गिक युरेनियमचा ९९.३ टक्के भाग युरेनियम-२३८, थोडक्यात यू-२३८. त्याचा अर्धायुष्यकाळ (निम्मे अणू फुटायला लागणारा वेळ) ४४७ कोटी वर्षं, म्हणजे ते फार संथ फुटतं. यू-२३५ फक्त ०.७२ टक्के, अर्धायुष्य ७० कोटी वर्षं. ४५-५० किलोच्या पोटॅशच्या पोत्यात सेकंदाला सात-पावणेआठ लाख विघटनं होतात, आणि तेवढीच सुमारे ३० ग्रॅम शुद्ध नैसर्गिक युरेनियममध्ये. शिवाय युरेनियमचे स्वतःचे किरण अल्फा, म्हणजे जड आणि चटकन अडणारे कण, ते काचेच्या नळीच्या भिंतीतच अडकतात. काउंटरला जे ऐकू येतं, ते बहुतेक त्याच्या नातवाचं, प्रोटॅक्टिनियम-२३४ चं बीटा. झारखंडच्या जादुगोड्यासारख्या खाणीतलं खनिज शुद्ध केलं, की सुमारे ८५ टक्के किरणोत्सार मागच्या गाळात राहतो, कारण रेडियम आणि त्याची पिलावळ तिथेच उरते. शुद्ध माल खनिजातल्या त्याच युरेनियमपेक्षा शांत असतो.

प्लुटोनियम-२३९ निसर्गात जवळपास नाहीच. अणुभट्टीत यू-२३८ ने न्यूट्रॉन गिळला, की नेपच्युनियममार्गे ते तयार होतं. १९७४ च्या पोखरण स्फोटातलं प्लुटोनियम तुर्भ्याच्या सायरस भट्टीतून आलेलं होतं. अर्धायुष्य २४,११० वर्षं, ग्रॅमला सेकंदाला २३० कोटी विघटनं, म्हणजे पोटॅशची सुमारे ३००० पोती. तरी तेही प्रामुख्याने अल्फा, त्यामुळे कागदाने अडतं आणि फुफ्फुसात गेलं तर घात करतं. भट्टीतून काढलेल्या इंधनाजवळ क्षणभरही उभं राहता येत नाही, ते त्यातल्या सीझियम-१३७ आणि स्ट्रॉन्शियम-९० सारख्या, अणू दुभंगून उरलेल्या तुकड्यांमुळे. तिथे हे यंत्र तुंबतं: टिकांमध्ये श्वास घ्यायला जागा मिळत नाही, आणि स्वस्त सर्किट कमी आकडा, कधी चक्क शून्यही दाखवू शकतं. सुरक्षेचं साधन म्हणून ते बाद होतं ते यामुळेच.

बोअरच्या पाण्यासाठी घेणार असाल तर पैसे वाचवा. पिण्याच्या पाण्यात युरेनियमची मर्यादा लिटरला ३० मायक्रोग्रॅम, म्हणजे सेकंदाला एकही विघटन नाही, सुमारे ०.७६, आणि तेही अल्फा. पाणी विषारी असलं तरी काउंटर गप्पच राहील. देगलूर-बिलोलीकडच्या ग्रॅनाइटात बेसाल्टपेक्षा युरेनियम-थोरियम जास्त असतं, म्हणून शंका रास्त. पण नमुना फ्लुओरिमीटर किंवा आयसीपी-एमएस असलेल्या प्रयोगशाळेत द्या. परळीच्या औष्णिक वीजकेंद्रातल्या राखेचंही तेच, प्रतिग्रॅम किरणोत्सार पोटॅशहून बराच कमी. औंढा नागनाथच्या लायगोच्या, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेच्या, जागेवर अणुऊर्जा विभागाचं नाव आहे म्हणून तिकडे मीटर नेऊ नका, तिथे लेसर आणि आरसे असणार, इंधन नव्हे.

पावसाळ्यात एक प्रयोग चुकवू नका. मृगाच्या सरीनंतर लगेच गाडीचं बॉनेट टिश्यूने पुसा आणि नळी टेकवा. हवेतल्या रेडॉन या किरणोत्सारी वायूची पिल्लं, शिसं-२१४ आणि बिस्मथ-२१४, पावसासोबत खाली येतात. अर्ध्या तासात टिका जवळपास निम्म्यावर येतात. त्या पाण्यात अणुस्फोटाचं काही नाही.

बिघाड बहुतेक किरकोळ. नळी धरणाऱ्या क्लिपा सैल होतात, मग टिका मधूनच थांबतात. उघड्या काचनळीवर थेट ऊन पडलं तर आकडा फुगतो, काळा कागद गुंडाळा. ४०० व्होल्ट साध्या मल्टिमीटरने मोजू नका: त्याच्या भाराने व्होल्टेज पडतं आणि चांगलं सर्किट नादुरुस्त वाटतं. मे महिन्यात बंद गाडीत ठेवलं तर नळीआधी लिथियम बॅटरी फुगेल. काच फुटली की नळी बदलायची, जोडायची नाही. सुटी नळी मिळते, फक्त त्याच जातीची घ्या.